शालूची पंगत

विमानात बसून आले म्हणून आमच्या वांकिडी गावात काही दिवस माझा फार मान होता. बाया विचारायच्या, "वरून आपलं गाव दिसते काय वो?" मी सांगायची, मला खिडकीबाहेर बघायला फुरसतच नव्हती, मी सगळा वेळ शालूच्या तोंडाकडे बघत होते. बायांची साफ निराशा व्हायची. लेकीचं तोंडच बघायचं होतं तर त्यासाठी विमानात कशाला बसायचं!

आज लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. अलीकडे आमच्या दुकानात नार्नूरकडची एक तरुण आई आली होती. कडेवर मुलगा, चांगला मोठा, पण मान सैल आणि लाळ गळणारी. फुटाणे घ्यायचं नुसतं निमित्त होतं. कुणीतरी तिला आमचं नाव सांगितलं होतं. तिने हळूच विचारलं, "असं लेकरू इमानात नेता येते का? लोकं काई म्हणत नाईत?" तिला जे तोंडी सांगितलं तेच इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, तेव्हा औषधांची नावं माझ्याकडून घेऊ नका.

शालू

शालू माझी एकुलती लेक. जन्मली तेव्हा रडली नाही. बऱ्याच वेळाने रडली, पण तोवर मेंदूला जी इजा व्हायची ती होऊन गेली होती. आम्हाला ते कळायला वर्ष गेलं. इतर मुलं रांगायला लागली आणि ही मान धरेना. हातपाय ताठ व्हायचे, मधूनच झटके यायचे. झटका यायच्या आधी तिच्या डाव्या हाताचा अंगठा मुठीत जायचा आणि डोळे एका बाजूला ओढले जायचे. ही खूण मला कुणी शिकवली नाही, बघून बघून कळली.

हसायची मात्र खूप. बाबांचा आवाज कानावर पडला की अख्खं अंग हसायचं.

सगळ्यात मोठी अडचण होती जेवणाची. पातळ काही दिलं की ठसका लागायचा, आणि घट्ट दिलं तर घास गालात धरून बसायची. गळा चोळा, गाणी म्हणा, रागवा, ही गिळायचीच नाही. एका जेवणात माझी निम्मी दुपार जायची.

मग एकदा गल्लीत लग्नाचं जेवण होतं. हिला घरी कुणाजवळ ठेवणार, म्हणून मांडीवर घेऊनच पंगतीत बसले. समोरासमोर दोन रांगा. मंडळी जेवायला लागली आणि शालू समोरच्या तोंडांकडे बघत राहिली. एका तोंडावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. मी सहज भात बोटाने कुसकरून तिच्या ओठांना लावला, तर हिने तो चक्क गिळला! वाटीभर भात खाल्ला त्या दिवशी. मी माझ्या पानाला हातही लावला नव्हता, आणि वाढणारे म्हणत होते, वहिनी रुसल्या काय.

घरी आल्यावर आम्ही पंगतच मांडली. शालूसाठी ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून घोटायच्या, तिला मांडीवर बसवायचं आणि आम्ही तिच्यासमोर जेवायचं. आम्ही म्हणजे शालूचे बाबा आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. पण दोघा-तिघांनी भागायचं नाही. तिला गजबज लागायची. मग शेजारच्या दोघी जावा आपापली ताटं घेऊन यायला लागल्या, फुटाण्यांच्या लालचेने गल्लीतली लेकरं यायला लागली. सगळे तिच्याकडे तोंड करून चावायचे आणि ती मधोमध बसून गिळायची. गल्लीत त्याला 'शालूची पंगत' असंच नाव पडलं.

फुटाणे आमच्या घरचेच. शालूच्या बाबांची भट्टी आहे, आणि ते आठवड्याचे बाजार करतात. त्यांची एक पद्धत आहे. माणूस दुकानासमोरून नुसता जात असला तरी त्याच्या हातावर मूठभर फुटाणे ठेवायचे आणि एका दमात म्हणायचं, "चाखून पाहा, तिनि चूडंडी, चखके देखो!" आमचं गाव तेलंगणाच्या सीमेवरचं, बाजारात मराठी, तेलुगू, हिंदी तिन्ही बोलणारे येतात, तेव्हा कोण निघेल सांगता येत नाही. हातावर ठेवलेलं कुणी खाली टाकत नाही, हे त्यांचं धंद्याचं शास्त्र. मी त्यांना यावरून पुष्कळ चिडवलं आहे.

कळलं तो दिवस

शालू पाच-सहा वर्षांची झाली तोवर तिला इतक्यांदा निमोनिया झाला की आमचं अर्धं घर चंद्रपूरच्या दवाखान्यात हललं होतं. शेवटी नागपूरला नेलं. तिथल्या मुलांच्या डॉक्टरांनी तिला पांढरं औषध पाजून गिळतानाचा फोटो काढला आणि तो काचेवर लावून आम्हाला दाखवला. पांढरी रेघ खाली पोटात गेली होती. आणि तिचाच एक बारीक फाटा छातीकडे वळला होता.

"ही जेवते त्यातलं थोडं थोडं फुप्फुसात उतरतं," डॉक्टर म्हणाले. "म्हणून सारखा निमोनिया होतो. यात तुमचं काही चुकलेलं नाही. पण अजून एक मोठा निमोनिया ती सोसेल असं मला वाटत नाही."

उपाय एकच होता. पोटाला लहान भोक पाडून तिथे नळी बसवायची आणि खाणं त्यातून द्यायचं. तोंडाने काही नाही. एवढ्या नाजूक मुलांचं हे ऑपरेशन करणारे सर्जन मुंबईला होते.

त्या दिवसाचं बाकी मला फारसं आठवत नाही. टेबलावर काचेखाली एका गुबगुबीत बाळाचं चित्र होतं, ते बाळ हातात चमचा धरून हसत होतं. मला त्याचा भारी राग आला. आणि तोंडातून निघून गेलं, "मग पंगतीचं कसं?" डॉक्टरांना अर्थातच काही कळलं नाही.

घरात

घरी येऊन सांगितलं तेव्हा आत्याबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"देवानं तोंड देल्लं हाय लेकराले. अन् पोटाले भोक पाडून जेवू घालता? मले नाई पटत."

"आत्याबाई, नाई केलं तं ते वाचत नाई म्हणते डॉक्टर."

"डॉक्टर काई बी म्हणते," असं म्हणून त्यांनी भाकरी इतक्या जोरात थापली की ती फाटली.

मला त्यांचा राग आला असता, पण खरं सांगू, माझ्याही मनात तेच होतं. दिवसभरात तिच्या वाट्याला दुसरं होतं काय? चालणं नाही, बोलणं नाही. जेवणाच्या वेळी तेवढी ती माणसांत असायची. एके दिवशी मी म्हणायची ऑपरेशन करू, दुसऱ्या दिवशी म्हणायची नको. शालूचे बाबा भट्टीवर उभे राहून नुसते फुटाणे भाजायचे, आणि त्यांच्या हातून कधी जळायचे नाहीत ते फुटाणे त्या आठवड्यात जळाले. आम्ही दोघं एकमेकांशी मीठ-मिरचीपुरतंच बोलत होतो.

शेवटी एका सकाळी ते भट्टी पेटवता पेटवता म्हणाले, "हे पाह्य, मले माही पोरगी पाह्यजे. तोंडानं जेवो नाई तं पोटानं जेवो." तिथे तो विषय संपला.

विमान का

आम्ही आपले रेल्वेचं बघत होतो. नागपूरच्या डॉक्टरांनी मोडता घातला. म्हणाले, छाती आत्ताच जेमतेम साफ झाली आहे, एवढा लांबचा प्रवास, आणि वाटेत झटका येऊन श्वास अडकला तर मधल्या स्टेशनावर उतरून काय कराल? विमानाने नेलंत तर तासा-दीड तासाचं काम. तिकिटांचं माझ्या नागपूरच्या भावाने बघितलं. डॉक्टरांनी स्वतः फोन करून विमानवाल्यांशी बोलून ठेवलं, ऑक्सिजनचं छोटं नळकांडं, पुढची जागा आणि तिला मांडीवर घ्यायची मुभा मिळेल असं केलं.

मग त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून नीट समजावलं. झटक्याचं औषध निघायच्या आधी द्यायचं. पूर्ण वेळ मान उचललेली ठेवायची. "आणि उतरताना सांभाळा. विमान खाली यायला लागलं की कानात दडे बसतात. आपण आवंढा गिळतो आणि मोकळे होतो. हिची लाळसुद्धा बाहेर गळते, ही आपणहून गिळणार नाही. दुखलं की ताठरेल आणि झटका येईल. तेव्हा अर्धा चमचा घट्ट काहीतरी देऊन गिळायला लावा. पण गिळायलाच हवं. तोंडात राहिलं आणि झटका आला तर ते थेट छातीत जाईल. मग ऑपरेशनही राहील, आणि..." पुढचं मला कळलं.

मी त्यांना पंगतीचं सांगितलं. ते मनापासून हसले. "मग काळजीच नको. विमानात नाश्ता देतात, सगळे एकदमच खातात. तुमची पंगत तयारच आहे."

आम्हीही खूश झालो. तीन जणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की नाश्ता काही उतरताना देत नाहीत.

विमानतळावर

लोक बघतात. हे आधीच सांगून ठेवते. एका बाईंनी आपला मुलगा हाताला धरून पलीकडे नेला. शालूच्या बाबांच्या खांद्याला मोठी कापडी पिशवी होती; मुंबईत ज्यांच्याकडे उतरणार होतो त्यांच्यासाठी ताजे फुटाणे. तपासणीच्या पोलिसाने पिशवीचं तोंड उघडलं, वास दरवळला, आणि यांच्यातला दुकानदार जागा झाला. "चाखून पाहा, तिनि चूडंडी..." मी मागून सदरा ओढला. पोलिसाने इकडे तिकडे बघितलं आणि दोन दाणे तोंडात टाकले. शास्त्र पोलिसालाही लागू होतं म्हणायचं.

वर

आम्हाला अगदी पहिली रांग मिळाली. मी खिडकीशी, मांडीवर शालू, शेजारी तिचे बाबा. पलीकडच्या बाजूला सफारी घातलेले एक गृहस्थ आणि त्यांची बायको. विमान वर चढलं तेव्हा शालू औषधाच्या गुंगीत होती. तिला गाढ झोप लागली.

आणि नाश्ता आला. सगळं विमान एकदम खायला लागलं, डब्यांची झाकणं वाजली, चमचे वाजले. एवढी मोठी पंगत आणि जिच्यासाठी हवी ती घोरत होती!

"उठवू काय तिले?" शालूच्या बाबांनी विचारलं.

"नोका. झोपली हाय तं झोपू द्या."

ताटं गोळा झाली, लोकांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने विमान खाली यायला लागलं. माझ्या कानात दडे बसले आणि त्याच क्षणी शालू जागी झाली. तोंड वेडंवाकडं करून रडायला लागली. मी डब्यातून कण्यांचा अर्धा चमचा घेतला आणि तिच्या जिभेवर ठेवला. तिने तो गालात धरला. बाबा तिच्यासमोर तोंड नेऊन खोटं खोटं चावायला लागले. ती त्यांच्याकडे बघेना. मी मान वर करून आजूबाजूला बघितलं, कुणी खातंय का, आणि तेव्हा मला कळलं, की विमानात कुणाचं तोंडच दिसत नाही. पंगतीत माणसं समोरासमोर बसतात. इथे प्रत्येक जण पुढच्याच्या डोक्यामागे बसलेला, आणि आमच्यापुढे तर नुसती भिंत.

शालूचा अंगठा मुठीत गेला.

"अवो, अंगठा गेला पाहा!" मी म्हणाले. घास अजून गालातच होता. बोट घालून काढायला गेले तर तिने दात घट्ट मिटले. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती, नंतरही कधी वाटली नाही.

शालूचे बाबा उभे राहिले. आमच्या समोरच्या भिंतीला टेकलेल्या छोट्या खुर्चीजवळ हवाई सुंदरी पट्टे तपासत उभी होती. ती म्हणाली, "बैठ जाइए, प्लीज." यांनी बसायच्या आधी पिशवीत हात घातला आणि सफारीवाल्यांच्या हातावर मूठभर फुटाणे ठेवले. "चाखून पाहा, तिनि चूडंडी, चखके देखो!" सवयीने तेच निघालं.

"हमें नहीं चाहिए, भाई."

"बेच नहीं रहा, साहब. मेरी बेटी ऐसी है, सब खाते हैं तब ही निगलती है. आप उसकी तरफ मुँह करके खाओ. बस इतना करो." त्यांचा आवाज फाटला होता. एवढ्या वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता.

सफारीवाल्यांनी शालूकडे बघितलं. मग आमच्याकडे वळून बसले आणि चावायला लागले. त्यांच्या बायकोने हात पुढे केला. पिशवी मागच्या रांगेत गेली, तिथून आणखी मागे. यांनी एक मूठ हवाई सुंदरीच्या हातावरही ठेवली. ती क्षणभर गोंधळली. मग त्या भिंतीच्या खुर्चीवर बसली, पट्टा लावला, आणि आम्हाला कळलं की सगळ्या विमानात आमच्याकडे तोंड करून बसणारी तीच एक आहे. तिने एक दाणा उचलला, शालूला दाखवला आणि लहान बाळासमोर खावं तसं ओठ मोठे करून खाल्ला. मग दुसरा.

मागून कुरूम कुरूम आवाज यायला लागला. कुणी तरी विचारलं, "प्रसाद है क्या?"

"हाँ, प्रसाद ही समझ लो," सफारीवाल्यांनी भरल्या तोंडाने सांगितलं.

शालूचं रडणं थांबलं. तिने हवाई सुंदरीच्या तोंडाकडे बघितलं, मग सफारीवाल्यांच्या, मग बाबांच्या. बाबा आता खरंच चावत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि तिच्या गळ्याची गाठ खालीवर झाली.

"गिळलं," मी म्हणाले. अंगठा हळूहळू मुठीतून बाहेर आला. मी आणखी अर्धा चमचा दिला, तोही गिळला. विमान जमिनीला कधी टेकलं ते मला कळलंच नाही.

नार्नूरच्या आईने विचारलं होतं, लोकं काही म्हणत नाहीत का. म्हणतात की. प्रसाद आहे का म्हणतात.

मुंबई

सर्जनांनी छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि म्हणाले, "मोकळी आहे, करू या." एवढं ऐकायलाच आम्ही आलो होतो. ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दोघं दाराबाहेर बाकावर बसलो होतो आणि एकमेकांचा हात धरला होता, जे वांकिडीत आम्ही कधी केलं नसतं. ऑपरेशन नीट झालं.

दवाखान्यात दिवस लवकर उजाडतो. साफसफाई, तापमान, डॉक्टरांची फेरी, नळीतून पाणी, नळीतून खाणं. शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आईने मला नळीला नरसाळं लावून ते किती उंच धरायचं ते दाखवलं. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. ती माझा हात धरून वरखाली करायची आणि बरोबर झालं की मान डोलवायची. अशी माणसं भेटतात, हेही सांगून ठेवते.

परत रेल्वेने आलो. सर्जनांनी तशी मोकळीक दिली होती.

नळी

घरी आल्यावर शालूची तब्येत सुधारायला लागली. खोकला गेला, गाल भरले. तोंडाने मात्र थेंबही द्यायचा नव्हता. मग सगळ्यांनाच वाटलं, की तिला खाता येत नाही तर तिच्यासमोर आपण कसं खायचं? शेजारच्या जावा यायच्या बंद झाल्या. लेकरांना आई-बापांनी बजावलं. मी शालूला पडद्याआड नेऊन नळीतून भरवायची, आणि आम्ही बाकीचे चोरासारखे चुलीजवळ बसून मुकाट्याने जेवायचो. ताट वाजू नये म्हणून जपायचो.

शालूचं हसणं बंद झालं. बाबांचा आवाज आला तरी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मला वाटलं, नळी दुखत असेल. दवाखान्यात दाखवलं, नळी चांगली होती.

एका दुपारी मी पडद्याआड नरसाळं धरून बसले होते. आत्याबाईंनी पडदा बाजूला केला. ऑपरेशनवरून त्या माझ्याशी अजून तुटक बोलायच्या.

"इथं एकटीले काऊन जेवू घालून राह्यली तिले?"

"आत्याबाई, तिच्यासमोर कसं खायचं? तिले देता येत नाई ना आपल्याले."

"तिनं कधी मांगतलं होतं तुले? तिले घासाचं काय पडलं होतं? तिले माणसं लागत होती. आण तिले बाहेर."

त्यांनी स्वतः दारात जाऊन दोघी जावांना हाका मारल्या. लेकरं भट्टीपाशीच घुटमळत होती, ती धावत आली. शालूचे बाबा हात पुसत आले. सगळ्यांची ताटं मांडली गेली, समोरासमोर, पहिल्यासारखी. आत्याबाईंनी शालूसमोर तिची नेहमीची वाटी ठेवली, रिकामी. मी तिला मांडीवर घेतलं आणि नरसाळं उंच धरलं.

सुरुवातीला कुणी घास उचलेना. सगळे माझ्याकडे बघत राहिले. मग आत्याबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, शालूकडे तोंड केलं आणि मोठ्याने चावायला लागल्या. मग जावा, मग लेकरं, मग बाबा.

शालूने एका तोंडावरून दुसऱ्यावर नजर फिरवली. आणि तिच्या गळ्याची गाठ खालीवर झाली. तोंडात काही नव्हतं. पुन्हा झाली. आणि मग ती हसली, अख्ख्या अंगाने, इतकी की माझ्या हातातलं नरसाळं हिंदकळलं.

"पाह्य," आत्याबाई मला म्हणाल्या, "जेवून राह्यली माही बाई."